जुना सोलर बंब काढून पॅनेल बसवावेत का?

गच्चीवरचा_गडी (सातारा) | रविवार, सकाळी ९:१५

नमस्कार मंडळी. आमच्या गच्चीवर २००९ साली बसवलेला २०० लिटरचा सोलर बंब आहे. तांब्याच्या नळ्यांचा, दोन काचेच्या पेट्यांचा. दिवाळीपासून टाकी खालून पाझरतेय आणि एका पेटीच्या काचेला आतून बाष्प धरतंय. दुरुस्तीवाला आला, टाकीवर दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाला, "काका, हे आता भंगारात. तांब्याचे पैसे येतील तेवढे घ्या." वर सल्ला असा की बंब आता कोण बसवतं, पॅनेल टाका, लाईटही फुकट आणि गिझरही फुकट.

घरात आम्ही चौघं. महिन्याला २२० च्या आसपास युनिटं पडतात. गच्ची सहाशे चौरस फूट, पण जिन्याची खोली, पाण्याची टाकी आणि सौं.ची वाळवणं वजा जाता निम्मी हाताशी राहते. पूर्वेच्या शेजाऱ्यांनी तिसरा मजला चढवलाय, त्यामुळे त्या बाजूला थंडीत दहा वाजेपर्यंत सावली. मुलगा म्हणतो पॅनेलच. सौ. म्हणतात बंबाच्या पाण्याची सर गिझरला नाही. मला एक साधी गोष्ट समजत नाहीये: ऊन मुळात तापवतंच. मग आधी त्याची वीज करायची आणि त्या विजेनं परत पाणी तापवायचं, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

---

आगाऊ_कार्टं | ९:३२

काका, आधी एक खुलासा. आमच्या गल्लीत "सोलर बसवला" म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: पाण्याचा की लाईटचा? धाग्यावर दोन्ही पंथाचे लोक येणार. खुर्ची आणि चिवडा घेऊन बसलोय.

---

ओहमचा_चेला (पुणे) | १०:०५

काका, तुमची शंका रास्त आहे. आकडे मांडून बघू.

१०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला साधारण ४.७ युनिट उष्णता लागते. तुमच्या २०० लिटरला ९.३. आता ऊन किती मिळतं? निरभ्र दुपारी जमिनीवर एका चौरस मीटरला सुमारे १००० वॅट. सकाळ-संध्याकाळ धरून आपल्याकडे दिवसाचं ५ युनिटांच्या आसपास. बंबाची पेटी त्यातलं निम्मं पाण्यात उतरवते. म्हणजे १०० लिटरला दोन चौरस मीटरची एक पेटी, तुमच्या २०० लिटरला दोन. २००९ साली बसवणाऱ्यानं हिशोब बरोबर केला होता.

पॅनेल त्याच उन्हातलं फक्त २०-२१ टक्के विजेत बदलतो. आपल्या भागात एक किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४ युनिटं धरतात. ९.३ युनिटांसाठी सव्वादोन-अडीच किलोवॅट, म्हणजे ५४० वॅटचे चार ते पाच पॅनेल. एकेक पॅनेल अडीच चौरस मीटरचा. जी उष्णता बंब ४ चौरस मीटरमध्ये देतो, तिच्यासाठी पॅनेलला अकरा-बारा लागले.

आणि २०० लिटर रोज गिझरनं तापवलं तर महिन्याला २८० युनिटं. तुमच्या अख्ख्या घराच्या बिलापेक्षा जास्त! "गिझर फुकट" म्हणणाऱ्याला हा आकडा दाखवा.

---

फळ्यासमोर (निवृत्त, शाळेत विज्ञान शिकवायचो) | ११:४०

वीसच टक्के का, हे माझ्या विद्यार्थ्यांना एसटीच्या भाषेत सांगायचो, तेच इथे सांगतो.

समजा तिकीट दहा रुपयांचं आहे. कंडक्टर सुटे देत नाही आणि उधारी ठेवत नाही. पाचचं नाणं घेऊन आलेल्याला गाडीत घेत नाहीत. पन्नासची नोट दिली तर एकच तिकीट मिळतं, चाळीस बुडाले. पॅनेलमधल्या सिलिकॉनचं तसंच आहे. त्यातला इलेक्ट्रॉन जागचा हलवायला १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवरचं ऊर्जेचं माप) ऊर्जा लागते. उन्हातला अवरक्त, म्हणजे लाल रंगापलीकडचा न दिसणारा भाग बराचसा त्याहून कमी ऊर्जेचा असतो, त्याच्या हातून काही होत नाही. निळा प्रकाश जवळजवळ अडीचपट ऊर्जा आणतो, पण इलेक्ट्रॉन एकच सुटतो आणि उरलेल्या ऊर्जेनं पॅनेल नुसता तापतो. या हिशोबानं एका जोडाच्या सेलची (सेल म्हणजे पॅनेलमधली सिलिकॉनची एक चकती) कमाल मर्यादा ३३ टक्क्यांच्या आसपास येते. शॉकली आणि क्वायसर या शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये ती मांडली.

सुटलेला इलेक्ट्रॉन भरकटून परत जागेवर जाऊ नये म्हणून सिलिकॉनच्या एका थरात बोरॉन आणि दुसऱ्यात फॉस्फरस किंचित मिसळतात. दोन थर जिथे भेटतात तिथे विद्युतक्षेत्र तयार होतं आणि ते इलेक्ट्रॉनला एकाच दिशेनं ढकलतं. एका सेलचा दाब अर्ध्या व्होल्टच्या थोडा वर, म्हणून सेल एकामागे एक जोडावे लागतात. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९५४ साली पहिला कामाचा सिलिकॉन सेल झाला, तेव्हा सहा टक्क्यांचंही कौतुक झालं होतं.

बंबाच्या काळ्या पत्र्याला मात्र कुठलीही नोट चालते, सुट्ट्यांचा प्रश्नच नाही. काच ऊन आत येऊ देते, पण तापलेला पत्रा जी लांब लहरींची उष्णता फेकतो ती बाहेर सोडत नाही. पत्र्यावरचा लेपही असा असतो की ऊन शोषतो भरपूर आणि स्वतः उष्णता फेकतो कमी. पाणी तापलं की हलकं होऊन टाकीत चढतं, गार पाणी खाली येतं. ना पंप, ना वायर.

---

गुहागरची_मालू | दुपारी १२:१०

सर, एसटीचं उदाहरण जबरदस्त. आमच्याकडे कंडक्टर अजूनही सुटे देत नाही.

बंब आणि पॅनेल दोन्ही वापरते, म्हणून लिहिते. पावसात बंबाचं पाणी कोमट म्हणायच्याही लायकीचं नसतं, तेव्हा टाकीतली विजेची कॉइल लावावी लागते. पॅनेल मात्र ढगातही अगदीच झोपत नाही. निम्म्याहून बरंच कमी देतो, पण देतो. उलट एप्रिल-मे मध्ये गरम पाणी कुणाला हवंय? बंब उकळत बसतो, व्हेंट पाइपातून वाफ निघते. आणि पॅनेलची वीज पंख्याला, फ्रिजला लागते, उरलेली नेट मीटरमधून (तो आलेली आणि गेलेली, दोन्ही वीज मोजतो) बाहेर जाऊन पुढच्या महिन्याच्या खात्यावर पडते. हे वर्षभराचं गणित ओहमभाऊंनी मांडलं नाही.

---

ओहमचा_चेला | १२:२५

मालूताई, मान्य. आणखी एक बाजू माझ्याकडून राहिली. पॅनेल आणि साधा गिझर न घेता पॅनेल आणि हीट पंप घेतला, तर एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता पाण्यात जाते. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली ओढून घेतो. फ्रिज उलटा लावल्यासारखं. मग ९.३ च्या जागी ३.१ युनिटं, दोन पॅनेल पुरतात. जागेचा फरक जवळजवळ मिटला. फक्त आणखी एक यंत्र घरात आलं, ते बिघडणार आणि त्याचा मेकॅनिक शोधावा लागणार.

---

म्युनिकचा_मोरे | १:५०

इथून गंमत वाटते तुमचं वाचून. म्युनिक ४८ अक्षांशावर. डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून अठरा-एकोणीस अंश वर येतो, साताऱ्याला त्याच दिवशी ४९ अंश. तरी इथे लोक बाल्कनीच्या कठड्याला दोन पॅनेल बांधतात आणि प्लग सरळ भिंतीतल्या सॉकेटात खुपसतात. ८०० वॅटच्या इन्व्हर्टरपर्यंत (बॅटरीवाला नव्हे, पॅनेलची वीज घरच्या लाईटसारखी करून देणारा डबा) परवानगी आहे. माझ्याकडेही आहे, हिवाळ्यात त्यावर चहाची किटलीही धड चालत नाही.

पण थंडीचा एक फायदा आहे. पॅनेलला प्रकाश हवा असतो, ताप नको असतो. आपल्याकडे एप्रिलात पॅनेल ६०-६५ अंशांपर्यंत तापतो. छापील वॅट २५ अंशांचे असतात आणि वरच्या प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के उत्पादन घटतं. म्हणजे बारा-चौदा टक्के तिथेच गेले. म्हणून पॅनेल गच्चीला चिकटवून बसवू देऊ नका, खालून वारा खेळला पाहिजे. तोंड दक्षिणेला, उतार अक्षांशाएवढा, साताऱ्याला १८ अंशांच्या आसपास. मे च्या दुसऱ्या आठवड्यात तुमच्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, त्यानंतर जुलै संपेपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो. पण तेव्हा पावसाळी ढगच जास्त, फार बिघडत नाही.

---

बोअरचं_पाणी (मंगळवेढा) | ३:१५

आमचा अनुभव शेतातला. पाच एचपीचा सोलर पंप आहे, सरकारी योजनेतला, दहा टक्के आम्ही भरले. पॅनेल ४८०० वॅटचे. ना नेट मीटर, ना बॅटरी. नऊला पंप हळूहळू धरतो, बारा ते दोन जोरात, आणि मोठा ढग आला की धार करंगळीएवढी. ढग सरकला की परत मनगटाएवढी. ऊन किती पडलंय हे मी पाटात बघून सांगतो, मीटर लागत नाही.

आधी रात्रीच्या लाईटवर पाणी धरायला जायचो. बॅटरी, काठी आणि पायाखाली काय येईल त्याची भीती. ते बंद झालं, एवढ्यावरच आम्ही खूश.

पण मालूताई म्हणतात तसं आमचंही होतं. पावसाळ्यात रान ओलं असलं की पंप बंद, आणि पॅनेल नुसते ऊन खात उभे. वीज तयार होऊन वापर नसला की बंबातल्या वाफेसारखीच गत.

---

कुलाब्याचा_जुना_रहिवासी | ४:४०

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. उन्हावर पाणी उपसण्याचं काम मुंबईत फार आधी झालंय. विल्यम ॲडम्स नावाचा इंग्रज अधिकारी १८७० च्या दशकात मुंबईत नोकरीला होता. त्यानं मिडल कुलाब्यातल्या आपल्या आवारात ७२ सपाट आरसे अर्धवर्तुळाकार मांडणीत उभे केले आणि सगळ्यांचं ऊन एका बॉयलरवर पाडलं. त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचं इंजिन चालवून दोन आठवडे पाणी उपसलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवलं. १८७८ मध्ये त्यानं हे सगळं छापूनही ठेवलं. त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात मूशो नावाच्या फ्रेंच गृहस्थानं उन्हावर बर्फ करून दाखवला होता.

मिडल कुलाब्यातल्या जागेचे भाव पाहता आता तिथे ७२ आरसे मांडायचे म्हणजे एक खाणच विकावी लागेल.

---

आगाऊ_कार्टं | ४:४८

उन्हानं बर्फ?? आजी म्हणायची उन्हात हिंडून डोकं फिरतं, ते हेच असावं.

---

फळ्यासमोर | ५:३०

कार्ट्या, उन्हाच्या उष्णतेवर शीतयंत्र चालवायचं. यात जादू नाही.

पण आरसे का लागले ते महत्त्वाचं आहे. उष्णतेपासून इंजिन चालवायचं तर तापमान उंच हवं. बंबाच्या ६० अंशांवर, बाहेर ३० असताना, आदर्श इंजिनसुद्धा नऊ टक्केच काम देईल, खरं इंजिन त्याहून कमी. म्हणून ऊन गोळा करून एका ठिकाणी पाडायचं. शिर्डीला साईसंस्थानच्या प्रसादालयावर २००९ मध्ये आरशांच्या ७३ तबकड्या बसवल्या, प्रत्येकी १६ चौरस मीटरच्या, वुल्फगांग शेफलर या जर्मन संशोधकाच्या रचनेच्या. तबकडी दिवसभर सूर्यामागे वळते, पण ऊन जिथे एकवटतं तो तिचा केंद्रबिंदू जागचा हलत नाही, त्यामुळे वाफेची पाइपलाइन पक्की ठेवता येते. ती वाफ थेट स्वयंपाकघरात जाते, वीज करायच्या भानगडीत पडतच नाही. काका, तुमच्या द्राविडी प्राणायामाचं सर्वात मोठं उत्तर शिर्डीच्या छपरावर आहे.

अबू रोडला ब्रह्माकुमारींचा एक मेगावॅटचा प्रकल्प आहे, ७७० तबकड्या, प्रत्येकी ६० चौरस मीटर. तिथे वाफेवर टर्बाइन चालवून वीज करतात आणि उष्णता लोखंडाच्या भरीव गाभ्यात साठवतात, त्यामुळे रात्रीही टर्बाइन फिरतं. साठवण हीच या पद्धतीची जमेची बाजू. तरी पॅनेल इतके स्वस्त झाले की आरशांवर वीज करणारे प्रकल्प मागे पडले.

---

माप_घेऊन_बोला (नाशिक) | रात्री ८:२०

सगळं वाचलं. २०० लिटर, ९.३ युनिटं, हीट पंप, तबकड्या. काकांना एवढं गरम पाणी खरंच लागतं का, हे कुणीच विचारलं नाही!

आपण अंघोळ बादलीनं करतो. २० लिटरची बादली, ४२ अंश पाणी. २० वरून ४२ वर न्यायला अर्धं युनिट. चौघांची चार बादल्या, दोन युनिटं. भांड्यांना थोडं धरा, अडीच. त्याला सव्वा पॅनेल पुरेल. बसवून देणारे "माणशी पन्नास लिटर" म्हणून २०० चा बंब गळ्यात मारतात, आणि निम्मं गरम पाणी टाकीतच गार होतं.

काका, आठवडाभर मोजा. मग ठरवा.

---

गच्चीवरचा_गडी | पुढचा रविवार, सकाळी ८:५०

मोजलं. आमच्या तिघांच्या तीन बादल्या, साठ लिटर. आणि चिरंजीव, जे घरात पॅनेल पक्षाचे नेते आहेत, ते शॉवरखाली दहा मिनिटं. शॉवरखाली बादली धरली तर मिनिटाला आठ लिटर. ऐंशी लिटर एकट्याला! एकूण १४०, म्हणजे मापभाऊंच्या बादलीला अर्ध्या युनिटाच्या हिशोबानं साडेतीन युनिटं, भांडी धरून चार. १०० लिटरचा बंब पुरतो. हा हिशोब जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवला, तेव्हापासून नेते गप्प आहेत.

आता सावलीचं सांगा. शेजाऱ्यांच्या मजल्याची सावली दहापर्यंत असते तिथे काय ठेवू?

---

ओहमचा_चेला | ९:१०

तिथे बंब. त्याला घाई नसते, दहा ते चार ऊन मिळालं तरी संध्याकाळी पाणी तयार, आणि टाकी ते सकाळपर्यंत धरते. पॅनेलला सावली वर्ज्य. माळेतले पॅनेल एकामागे एक जोडलेले असतात, एकावर सावली पडली की सगळ्या माळेचा प्रवाह अडतो. आत बायपास डायोड असतात, ते अडथळा वळवतात, पण तेवढ्या भागाची वीज गेलीच. टाकीची, अँटेनाची, वाळत घातलेल्या साडीचीसुद्धा सावली मोजा.

पॅनेल पश्चिमेच्या बाजूला चार. दोन किलोवॅटच्या जरा वर जाल, तुमची २२० युनिटं निघतील. केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० अनुदान आहे, पण त्यासाठी पॅनेल देशी बनावटीचे हवेत, ते कोटेशनमध्ये लिहून घ्या. अर्थिंगचे खड्डे खणलेले स्वतः बघा, नुसते बिलात बघू नका.

आणि एक गोष्ट आधीच सांगतो, कारण नंतर प्रत्येक जण चिडतो: लाईट गेली की तुमची सोलर वीजही बंद होणार, भर उन्हात. खांबावर वायरमन चढलेला असताना तुमच्या गच्चीवरून तारेत वीज जाऊ नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःच थांबतो. लाईट नसताना चालायला हवं असेल तर बॅटरीचा, हायब्रिड घ्यावा लागेल.

---

गुहागरची_मालू | ९:४०

बंब घेताना पाणी बोअरचं असेल तर तांब्याच्या नळ्यांचा नको, क्षार बसून चोंदतात. काचेच्या नळ्यांचा घ्या. दुहेरी काच, मध्ये निर्वात पोकळी, थर्माससारखी. प्रत्येक नळीच्या बंद टोकाला आरशासारखा चंदेरी डाग असतो. तो पांढरा पडला की पोकळीत हवा शिरली, नळी बदलायची. आणि रिकाम्या नळ्या दुपारी तापलेल्या असताना गार पाणी सोडू नका, टचकन फुटतात. आमच्या दोन अशाच गेल्या, वर बसवणाराच म्हणाला, "वहिनी, माकडांनी फोडल्या असतील." माकडं होती खरी, पण त्या दिवशी ती पलीकडच्या वाडीत होती.

---

बोअरचं_पाणी | १०:०५

पॅनेल सकाळी लवकर धुवा, गार असताना. तापल्यावर गार पाणी मारायचं नाही, आणि बोअरचं पाणी तसंच वाळू द्यायचं नाही, पांढरे डाग राहतात. मी फडकं फिरवतो.

---

गच्चीवरचा_गडी | दोन महिन्यांनी, संध्याकाळी ६:३०

धागा वर काढतोय. १०० लिटरचा काचेच्या नळ्यांचा बंब पूर्वेला, चार पॅनेल पश्चिमेला. काल दिवसभर मळभ होतं, ४.१ युनिटं. आज लख्ख ऊन, ८.८. जुन्या तांब्याचे पैसे आले, सौं.नी त्यात भर घालून पाण्याचा हंडा घेतला.

परवा लाईट गेली तेव्हा चिरंजीव धावत गच्चीवर गेले, इन्व्हर्टर बिघडला म्हणून. त्यांना ओहमभाऊंचा प्रतिसाद वाचायला दिला.

---

आगाऊ_कार्टं | ६:४१

सगळं ठीक, पण काकूंच्या वाळवणांचं काय? पश्चिमेची जागा त्यांचीच होती ना?

---

गच्चीवरचा_गडी | ६:५५

कुरडया शेजाऱ्यांच्या तिसऱ्या मजल्यावर वाळताहेत. आमचं सकाळचं ऊन त्यांनी अडवलंय, त्यामुळे नाही म्हणता आलं नाही त्यांना.